वस्तादचा खांदा

“आत स्वयंपाकघरात बसा, आणि खोकला आला तरी खोकू नका,” मी त्या मुलीला सांगितलं.

“बसतो की,” ती म्हणाली. “चहा प्यायला चालेल काय?”

“आवाज न करता प्या.”

ती कप घेऊन आत निघाली. जाताना तिने टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं. लेकराला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना आई दारातून बघते, तसं पाहिलं. मी दुर्लक्ष केलं. खेळणं बनवणारा माणूस शूटिंगच्या वेळी समोर बसला की जीभ मऊ होते, असा माझा अनुभव होता.

तिचं नाव अश्लेषा चौगुले. वय एकतीस. शिरोलीच्या एका कारखान्यात सात वर्षं प्लास्टिकच्या साच्यांचं डिझाइन करून तिने नोकरी सोडली होती, आणि दोन वर्षं खपून स्वतःचा रोबो बनवला होता. पाच यंत्रं, त्यांचे पाच छोटे रोबो आणि ते पाचही जोडले की एक मोठा. नाव ठेवलं होतं ‘वस्ताद’. रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीने ती कोल्हापूरहून सांगलीला आमच्या घरी आली होती. सोबत दोन खोकी होती. एक माझ्यासाठी आणि दुसरं पुण्यातल्या एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवायला.

“चार दुकानं हायत त्यांची,” आल्या आल्या तिने सांगितलं होतं. “मालाचे फोटो बघून म्हणाले, चांगला वाटतोय, पण हेमाताई काय म्हणतात ते आधी ऐकतो. त्यांनी हो म्हटलं तर चारी दुकानांत लावतो, नाही म्हटलं तर तुझं तू बघ. म्हणून आलो.”

एवढं सगळं माझ्या शब्दावर होतं, आणि ते मला आवडलंही होतं. खोटं कशाला बोला.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. सव्वीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. लॅब बंद पडली आणि घरी बसले. ज्या वयात बायका भिशी लावतात त्या वयात मला रोबोंचा नाद लागला. भाच्याचा मोडका रोबो दुरुस्तीला आला होता, तो परत गेलाच नाही. गाडीची चाकं खांद्यात जातात, दारांचे पंजे होतात, हे बघून मी वेडीच झाले. मग एकामागून एक रोबो आणले, आणि त्यांच्यावर मराठीत बोलायला यूट्यूबवर चॅनेल काढलं. चाळीस हजार लोक बघायचे. चेहरा दिसायचा नाही, फक्त माझे दोन हात आणि आवाज.

लोक बघायचे ते माझ्या एका हट्टापायी. खेळण्यासोबत सूचनांचा कागद येतो, तो मी कधी उघडत नसे. घडी न मोडता तो कॅमेऱ्यासमोर बाजूला ठेवायचा, वर पाण्याचा तांब्या ठेवायचा, आणि नुसत्या बोटांच्या अकलेवर गाडीचा रोबो करून दाखवायचा. एकाच दमात, मध्ये न थांबता. असे दोनशे चौदा व्हिडिओ झाले होते. माझं म्हणणं असं की चांगलं खेळणं हाताला स्वतःच वाट दाखवतं. ज्याला कागद लागतो, त्यात काहीतरी खोट असते.

शूटिंग आमचे हे करायचे. दिनकरराव सांगली आगारात एसटीचे कंट्रोलर होते. तीस वर्षं लाउडस्पीकरवर गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी फलाटावरची माणसं वळून बघतील. त्यामुळे मोबाइल हातात असताना त्यांना अवाक्षर काढायची बंदी होती. ती त्यांनी चार वर्षं पाळली होती.

“हं, सुरू,” मी म्हणाले, आणि कागदावर तांब्या ठेवला.

खोक्यातून ट्रॅक्टर निघाला, ऊसतोडणी यंत्र निघालं, दुधाचा टँकर, रोड रोलर आणि डंपर. एकेक हातात घेतलं आणि मी बोलायचं विसरले. बाहेरच्या देशातल्या रोबोंची विमानं होतात, नाहीतर शर्यतीच्या गाड्या. आमच्या दारावरून रोज सकाळी जाणारा दुधाचा टँकर उठून दोन पायांवर उभा राहतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना चिखलाचा रंग होता, तोही आमच्याकडच्या काळ्या मातीचा. तोडणी यंत्राची पाती फिरत होती. सांधे घट्ट, कडा गुळगुळीत, रंग कुठे ओघळलेला नाही. पाच यंत्रांचे पाच रोबो मी बघता बघता उभे केले, आणि मनात म्हटलं, पोरीने कमाल केली आहे.

मग जोडणी. रोलर आणि डंपरचे पाय झाले, ट्रॅक्टरचं धड झालं. त्यातून मुंडासं बांधलेलं डोकं वर आलं तेव्हा मी चक्क हसले. टँकर आणि तोडणी यंत्र दोन बाजूंनी खांद्यात बसले, हात अजून पाठीमागे दुमडलेले. आता ते पुढे आणायचे की वस्ताद तयार.

उजवा हात धरून मी तो बाजूने वर उचलला. असल्या रोबोंचा खांदा असाच उघडतो. आधी वर, मग बाहेर, मग खाली. शंभर वेळा केलं होतं. हात थोडा आला आणि अडला.

“नवा सांधा घट्ट असतो,” मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. “अशा वेळी घाबरायचं नाही. न भिता जरा जोर लावायचा.”

मी जोर लावला. टक् असा आवाज झाला आणि हात माझ्या हातात आला.

स्वयंपाकघरात कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. ती खोकलीसुद्धा नाही.

मी तुटलेला हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि बोलले, “वस्ताद दिसायला देखणा आहे. रंगकाम बाहेरच्या मालाच्या तोडीचं आहे. पण खांदा कच्चा आहे. पहिल्याच वेळी मोडला. मी हा घ्या असं म्हणू शकत नाही.” यांना हाताने थांबायची खूण केली.

अश्लेषा पडद्याआडून बाहेर आली. रडली नाही, भांडली नाही. तिने तो हात उचलला, खिडकीपाशी नेला आणि मोडलेली कड उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

“वरनं उचलला काय ओ?” तिने विचारलं.

“मग कुठून उचलणार?”

“नाही, विचारलं फक्त.”

“हे बघ, अश्लेषा,” मी म्हणाले. तोवर मी तिला अहोजाहो करत होते, ते आपोआप सुटलं. “वाईट वाटतंय मला. पण जे झालं ते मी दाखवणार. लोक त्यासाठीच मला बघतात.”

“दाखवा की. माझ्याकडं दुसरा सेट हाय, त्यावर एकदा...”

“दुसरी संधी मी कुणालाच देत नाही. दुकानातून घेणाऱ्याला कोण देतं?”

“आमच्या गल्लीतल्या पोरांनी तीन महिने खेळलाय हा. एकाकडनं मोडला नाही.”

“गल्लीतल्या पोरांना काय कळतं त्यातलं?”

तिने मोडका हात टेबलावर ठेवला, अगदी सावकाश. पुण्याला जाणारी गाडी तीनला होती. व्हिडिओ दर रविवारी पाचला टाकायचा, हे तिलाही ठाऊक होतं. व्यापारी तो बघणार, आणि ती साताऱ्याला पोहोचेपर्यंत तिचा निकाल लागणार.

मोबाइल अजून हातातच धरून उभे असलेले आमचे हे म्हणाले, “मी करून बघू का?”

“तुम्ही?” मी म्हणाले. “तुम्हाला पाकिटातलं श्रीखंड उघडता येत नाही.”

“म्हणूनच म्हणतो. माझ्याइतका अडाणी माणूस दुसरा कुठे मिळणार?”

अश्लेषाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने दुसरं खोकं उघडलं आणि ती पाच यंत्रं त्यांच्यासमोर मांडली. यांनी मोबाइल खाली ठेवला, चष्मा लावला, तांब्या उचलून बाजूला सरकवला आणि कागदाची घडी उघडली. दोनशे चौदा व्हिडिओंत आमच्या घरात पहिल्यांदाच. मला ते बघवेना, पण नजरही हलवता येईना.

“पायरी क्रमांक एक,” त्यांनी पुकारायला सुरुवात केली. “पायरी क्रमांक एक. ट्रॅक्टरचे पुढचे चाक आत वळवा.”

“दोनदा कशाला वाचता?”

“सवय आहे. तू बोलू नकोस, शूटिंग चालू नसलं तरी.”

पाऊण तास लागला. मध्ये एकदा त्यांनी डंपर उलटा बसवला, एकदा डोकं हरवलं आणि ते त्यांच्याच मांडीवर सापडलं. अश्लेषा एक बोटही न लावता समोर बसून होती. खरं सांगायचं तर तो कागद चांगला होता. चित्रं स्वच्छ, वाक्यं छोटी आणि सरळ मराठीत. मी बाजूला उभी राहून ऐकत होते, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

“पायरी क्रमांक नऊ. पायरी क्रमांक नऊ. उजवा हात कोपरात वाकवा. तळवा खाली आणून मांडीवर टेकवा. वस्तादने शड्डू ठोकला की आतून आवाज येईल. मगच हात वर न्या.”

त्यांनी तोडणी यंत्राचा तो लालजर्द हात पाठीमागून खाली घेतला आणि मांडीवर टेकवला. आतून बारीक, समाधानी असा ‘कट्’ आवाज आला. मग एका बोटाने हात वर उचलला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. डावाही तसाच. वस्ताद टेबलावर दंड फुगवून उभा राहिला, आणि आमचे हे खुर्चीत मागे रेलून स्वतःवर खूश झाले.

“शड्डू,” मी म्हणाले.

“आमच्या घरासमोर तालीम हाय,” अश्लेषा म्हणाली. “पोरींना आत सोडत नव्हते, म्हणून मी गच्चीवरनं बघायचो. पैलवान मातीत उतरला की पहिला शड्डू ठोकणार. हात वर करायचा तो कुस्ती मारल्यावर. गल्लीतल्या पोरांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी कागदसुद्धा बघितला नाही. हात धरला आणि पहिला मांडीवरच मारला.”

म्हणजे खेळणं हाताला वाट दाखवतच होतं. पैलवान दिसत होता, मुंडासं दिसत होतं, नावच वस्ताद होतं. जन्म सांगलीत गेला, वडील दर वर्षी कुस्त्यांचं मैदान चुकवत नसत, आणि माझ्या हाताने त्या बाहेरच्या रोबोंची सवय तेवढी ऐकली. शंभर वेळा केलं होतं ना, म्हणून.

मला राग आला. कागदाचा आला, यांचा आला, त्या पोरीचाही आला. माझा सोडून सगळ्यांचा आला. मी रिकामे कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन ते गरज नसताना दोनदा घासले.

तिथे मोरीपाशी मला तांबोळी मास्तर आठवले. कितीतरी वर्षांत आठवले नव्हते. त्यांची खालची कवळी मी केली होती. ती बोचते म्हणून ते तीनदा लॅबमध्ये आले. तिन्ही वेळा मी ती साच्यावर बसवून दाखवली. बघा, केसाएवढीही फट नाही, माझं काम चोख आहे, तुम्हालाच सवय नाही, असं म्हणाले. चौथ्यांदा ते आले नाहीत. पुढे एका लग्नाच्या पंगतीत ते दिसले. कवळी काढून खिशात ठेवली होती आणि भात वरणात कालवून जेवत होते. मला बघून त्यांनी ओशाळून मान खाली घातली. चूक माझी होती, आणि ओशाळले ते. आणि मी तिथून निघून गेले. नळ चालू ठेवून मी तशीच उभी राहिले. दोनशे चौदा व्हिडिओंत मी कुणाकुणाचे खांदे कच्चे ठरवले असतील, हे मोजायची माझी हिंमत झाली नाही.

“ताई,” अश्लेषा दारात उभी होती. “नळ.”

मी नळ बंद केला.

“एक बोलू काय? तुम्ही आहे तसा टाका व्हिडिओ. मघापासनं विचार करतोय. चूक माझीपण हायच की. प्रत्येक घरात कुस्ती बघणारी पोरं नसणार. कुणीतरी वरनं ओढणारच. तेव्हा ते मोडायला नको, निघून हातात यायला पाहिजे आणि परत बसायला पाहिजे. तुमचं बरोबर हाय, खांदा कच्चाच हाय.”

ती मनापासून बोलत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट डोकं कामाला लागलेलं दिसत होतं. तो बदल तिने पुढे खरोखरच केला. आज मिळणारा वस्ताद कसाही ओढा, हात सुटून येतो आणि पुन्हा बसतो. पण त्या दुपारी ती मला आयती पळवाट देत होती, आणि ती धरावी असं मला किती वाटलं, ते कसं सांगू. व्हिडिओ तयार होता. बनवणारी स्वतः म्हणत होती की माझं बरोबर आहे. मी फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

“तुझा खांदा तुझा तू बघ,” मी म्हणाले. “माझं मला बघू दे.”

बाहेर येऊन यांना म्हटलं, “अहो, मोबाइल घ्या.”

“आता काय राहिलं?”

“घ्या म्हणते ना.”

मी दोन्ही वस्ताद शेजारी शेजारी ठेवले, एक धड आणि एक थोटा. मध्ये तो कागद उघडून ठेवला. अश्लेषा सवयीने स्वयंपाकघराकडे वळली तेव्हा तिला म्हटलं, इथेच बस. यांनी मोबाइल धरला आणि मान हलवली. हात टेबलावर ठेवून मी बोलायला सुरुवात केली.

“मगाशी मी म्हणाले की खांदा कच्चा आहे. खांदा कच्चा नाही. हा हात मी मोडला. कागद वाचायचा नाही या माझ्या तोऱ्यापायी मोडला. जी गोष्ट कोल्हापूरची पोरं बघता बघता करतात ती मला सुचली नाही, आणि मी दोष खेळण्याला दिला. माझं चुकलं. वस्ताद चांगला आहे. घ्या. आणि याआधी माझ्या व्हिडिओत ज्या खेळण्यांना मी नावं ठेवली, ती एकेक करून मी परत काढणार आहे, कागद वाचून.”

एवढं बोलून मी थांबले. तांब्यातलं पाणी मी तशीच वरून प्यायले.

“हेमा,” आमचे हे म्हणाले, “परत एकदा म्हण. आवाज नीट आला नाही.”

“सगळं?”

“सगळं नको. ते ‘माझं चुकलं’पासून पुढे.”

एकाच दमात बोलायचा माझा नियम होता, पण त्या दिवशी नियमांची बात करायला तोंड उरलं नव्हतं. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. माझं चुकलं. अश्लेषा खाली बघून ओठ दाबत होती. मला वाटलं, पोरीला भरून आलं असेल.

मग आम्ही तिघांनी पिठलं-भात खाल्ला. तीनच्या गाडीत यांनी तिला बसवून दिलं. ओळखीच्या कंडक्टरला सांगून खिडकीची जागा मिळवून दिली, खोकं मांडीवर धरता यावं म्हणून. पाचला व्हिडिओ गेला. आठ दिवसांनी व्यापाऱ्याने चारी दुकानांत वस्ताद लावले. माझे काही बघणारे सुटले. काही नवे आले आणि म्हणाले, काकू, आम्हीपण कागद वाचत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ती गेल्यावर मी व्हिडिओच्या कापाकापीला बसले आणि कानाला हेडफोन लावले. ‘माझं चुकलं’ पहिल्यांदा म्हणाले होते, तेव्हाचा आवाज स्वच्छ आला होता. शब्दन् शब्द, शेवटचा श्वाससुद्धा. मी दोनदा ऐकून खात्री केली आणि उठून बाहेर गेले. आमचे हे गॅलरीत पेपर वाचत बसले होते.

“आवाज तर अगदी नीट आलाय,” मी म्हणाले.

“हो, आलाय,” ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. “अगं, लग्नाला एकतीस वर्षं झाली. एकदा ऐकून भागतं होय?”